इज्जाची ओली लोकर

शस्त्रक्रियेनंतर सी बिहींच्या गळ्यातून जे काही निघायचं त्याला आवाज म्हणणं म्हणजे मेहेरबानीच होती. फेब्रुवारीत रबातच्या डॉक्टरांनी त्यांच्या स्वरतंतूंवरची गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती कुजबुज. दुसरा कोणी असता तर घरी जपमाळ ओढत बसला असता. पण चाळीस वर्षं अगादिरच्या पोरांना ध्वनिशास्त्र शिकवून नावाआधी मानाचं ‘सी’ मिळवलेले हे गृहस्थ सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर. एका हातात रेकॉर्डर, बगलेत गरम पाव आणि खिशात अम्लूची छोटी बरणी. बदाम आणि अर्गान झाडाच्या बियांच्या तेलाचं ते घट्ट वाटण सोबत असल्याशिवाय सी बिही कुठल्याच कामाला हात घालत नसत.

“पोरी,” ते आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, केल्तूमला म्हणाले, म्हणजे कुजबुजले, “यात चाळीस शब्द आहेत. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघ. एकही शब्द बदललेला नाही.”

केल्तूमला लगेच कळलं. आमच्या सूस प्रांताच्या तशल्हीत भाषेत असे शब्द पोत्याने आहेत, ज्यांना गळा लागतच नाही. त, क, स, श, फ यांची नुसती रांग. मध्ये स्वर नाही, गळ्याची थरथर नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाई कोंबडी हाकलतेय, आणि बाईने तेवढ्यात अख्खं वाक्य बोलून टाकलेलं असतं. सी बिहींना सिद्ध करायचं होतं की आवाज गेलेला माणूस हे शब्द पूर्वीइतकेच धडधाकट बोलू शकतो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे गळे मोजले होते, आता शेवटचा निबंध स्वतःच्या गळ्यावर.

केल्तूमने फाइल ‘चाळणी’त टाकली. चाळण हा तिचाच प्रोग्राम. पंधरा वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना तिने लिहिला होता, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत येणारी प्रत्येक ध्वनिफीत, कुठल्याही यंत्राची, कुठल्याही जातीची असो, त्यातून जाऊन आजच्या संगणकांना कळेल अशा रूपात बाहेर यायची. कामाला चोख. ती कशी चालते हे पाहण्याची वेळ कुणावर आली नव्हती, केल्तूमवरसुद्धा नाही.

चाळणीतून सी बिहींची फाइल बाहेर आली ती चव्वेचाळीस बाइटची. या धंद्यातल्या माणसाला हा आकडा ओळखू येतो. चव्वेचाळीस बाइट म्हणजे नुसता डबा, वर झाकण, आत काही नाही. चाळीस शब्दांतला एकसुद्धा नाही.

“काय झालं?” सी बिहींनी विचारलं.

“तुमच्या रेकॉर्डरचं काहीतरी असेल, उस्ताद. बघते मी,” केल्तूम म्हणाली. तिने मूळ फाइल कानाला लावली तर चाळीसच्या चाळीस शब्द स्वच्छ ऐकू येत होते. रेकॉर्डरचं काही नव्हतं. तरी ती तसं म्हणाली आणि म्हातारा बिचारा पावाचा तुकडा अम्लूत बुडवून खात निघून गेला.

मग तिने चाळण उघडली. एकतिसाव्या ओळीवर तिची नजर थांबली. तिथे लिहिलं होतं, जिथे पाव सेकंदाहून जास्त वेळ गळ्याची थरथर नाही, ती शांतता समजावी आणि कापून टाकावी. खाली तिचंच नाव, सालासकट. तेव्हा डिस्का लहान होत्या, जागा कमी होती आणि परदेशी मार्गदर्शिकेत हाच उपाय दिला होता. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या भाषेत माणूस पाव सेकंद गळा न हलवता बोलूच शकत नाही, त्यांचं काय चुकलं? चुकलं ते केल्तूमचं. तफ्राउतच्या डोंगरात जन्मलेली, आईच्या तोंडून असल्याच शब्दांच्या शिव्या खात वाढलेली ही बाई, आणि मायबोलीचे अख्खे शब्द शांतता म्हणून कापत बसली.

प्रयोगशाळेचं सगळं भांडवल म्हणजे सी बिहींनी नव्वदच्या दशकात गावोगाव हिंडून केलेली चारशे अकरा रेकॉर्डिंग्ज. त्यांतली बहुतेक माणसं आता या जगात नाहीत. ती सगळी चाळणीतून गेलेली होती, त्यावर तपासणारे म्हणून सी बिहींची सहीही होती, आणि ती चाळलेली प्रत शुक्रवारी परदेशातल्या एका मोठ्या ध्वनिसंग्रहाकडे कायमची जमा होणार होती. मूळ फायली तळघरातल्या जुन्या, कपाटाएवढ्या यंत्रात पडून होत्या. त्या अजून होत्या त्याचं कारण एवढंच, की सरकारी विद्यापीठात मोडीत काढायलाही सात सह्या लागतात. सातवी सही गेल्याच आठवड्यात झाली होती. विभाग नव्या इमारतीत जाणार होता आणि गुरुवारी दुपारी भंगारवाल्याची गाडी यायची होती.

केल्तूम तळघरात उतरली. पहारेकरी सहाच्या ठोक्याला तळघराला कुलूप लावतो, म्हणजे गुरुवारपर्यंत मोजून साडेतीन दिवस हातात. तिने यंत्र सुरू केलं. घशात कफ अडकल्यासारखं ते बराच वेळ खाकरलं आणि अखेर चालू झालं. तिने अनामेर गावची फाइल उघडली. इज्जा नावाची विणकर बाई, सन चौऱ्याण्णव, लोकरीची कामं सांगते आहे. लोकर धुतली, वाळवली, विंचरली, कातली. मग तिने आपली चाळलेली प्रत लावली. तीच इज्जा, तोच गोड खर्जातला आवाज, कुठे सांधा नाही, कुठे खटका नाही. लोकर धुतली, विंचरली, कातली. वाळवण्याचा शब्द गळ्यावाचून बोलला जातो, तो गेला होता. नीट ऐकूनही कळलं नसतं इतका सफाईने गेला होता.

तिने सगळ्या फायलींच्या लांबीची बेरीज केली. मूळ एक्केचाळीस तास, चाळलेली चौतीसच्याही आत. सात तासांहून जास्त कापलं गेलं होतं. त्यात माणसांचे श्वास असतील, चहाचे घोट असतील, मधले विचार असतील. पण शब्द किती, हे कुणीच सांगू शकलं नसतं, आणि गुरुवारनंतर तर अल्लालाच ठाऊक.

विभागप्रमुख डॉक्टर अनीर वाईट माणूस नव्हता. कासाब्लांकात वाढलेला, तशल्हीत मोठेपणी पुस्तकातून शिकलेला, चाळिशीतच खुर्चीवर बसलेला आणि सध्या खोक्यांवर चिकटपट्ट्या मारून हैराण झालेला. केल्तूमने सगळं सांगितलं. एकतिसावी ओळ आपली, हेही सांगितलं. त्याने दोन्ही प्रती ऐकल्या, नाक खाजवलं आणि म्हणाला की चाळलेली जास्त स्वच्छ वाटते.

“इज्जाने लोकरीचं काय काय केलं, डॉक्टर?” केल्तूमने विचारलं.

“धुतली, विंचरली, कातली.”

“वाळवली कधी?”

अनीरने चाळलेली प्रत पुन्हा लावून पाहिली.

“ओली लोकर कोण विंचरतं? तुमच्या आईला विचारा.”

ती हे चिडून बोलली, पण त्या भल्या माणसाने खरंच आईला फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ओल्या लोकरीने फणी गंजते, सूत कुजतं, आणि एवढं शिकून पोराला एवढंही कळत नाही, असा एकूण सूर होता. अनीरने कानाखाली खाल्ल्यासारखा चेहरा करून फोन ठेवला.

तरी खुर्ची ती खुर्चीच. त्याने दार लोटलं, आवाज खाली आणला आणि मानाचं ‘लल्ला’ लावून म्हणाला, “लल्ला केल्तूम, झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुवारी दुपारपर्यंत जे जमेल ते करा. जमलं तर नवी प्रत पाठवू, ‘तांत्रिक सुधारणा’ म्हणून. नाही जमलं तर जुनी जाईल. पण चूक कुणाची, हे कुठेही लिहायचं नाही. महिनाअखेरीस तुमचा करार माझ्या सहीने पुढे जातो. लेखी चूक समोर असताना मी सही कशी करू?”

केल्तूम अकरा वर्षं वर्षा-वर्षाच्या करारावर होती. हे तिला सांगायची गरज नव्हती. ती तळघराची किल्ली घेऊन निघाली. तिचं ठरलं होतं. चारशे अकरा म्हणजे चारशे अकरा, एकही कमी नाही.

जुन्या चाळणीवरचा विश्वास उडाला होता, म्हणून तिने सगळं कोऱ्या पानावर नव्याने लिहिलं. पहिली फाइल नव्या संगणकावर वाजवली तर बंदरावर कढईत सार्डिन मासे सोडल्यासारखा नुसता चरचराट. तिने कपाळावर हात मारला. त्या काळातली यंत्रं आकड्याचा मोठा भाग आधी लिहायची, आजची धाकटा आधी लिहितात. प्रत्येक आकड्यातली बाइटची जोडी उलटवल्याबरोबर चरचराटातून इज्जा बोलायला लागली. त्यानंतरची भानगड यंत्राची. वीस मिनिटं चाललं की ते तापायचं, मग चाळीस मिनिटं विश्रांती, सासुरवाशीण माहेरी आल्यासारखी. पंखा कधीच मेला होता. केल्तूमने घरून आपला टेबलपंखा आणला, यंत्राचं एक दार काढून टाकलं आणि समोर पंखा ठेवला. विश्रांती दहा मिनिटांवर आली. मंगळवारी पहारेकरी कुलूप घेऊन आला तेव्हा एकशे वीस फायली बाहेर निघाल्या होत्या.

प्रत्येक जुन्या फाइलच्या तोंडाशी एक पाटी असते. एक हजार चोवीस अक्षरांची जागा, ना एक कमी ना एक जास्त. त्यात साध्या रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं, बोलणारं कोण, गाव कुठलं, तारीख काय, सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले. चाळणीने या पाट्याही फेकून दिल्या होत्या. केल्तूमने ठरवलं, या वेळी पाटीसकट पाठवायचं. परदेशी संग्रहाला पाटीवाली जातही चालत होती, आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बुधवारी घोडं अडलं. चौदा फायलींच्या पाट्या डिस्कवरच खराब झालेल्या. सी बिही काही गावांत सेकंदाला सोळा हजार नमुने घेत, काही गावांत वीस हजार, आणि पाटी नसली की कुठला आकडा कुणाचा हे यंत्राला कळत नाही. कळतं ते फक्त ज्याने ती माणसं समोर बसून ऐकली त्याला. तिला सी बिहींना फोन करावाच लागला. ते पुन्हा पाव घेऊन आले आणि तळघरात उलट्या बादलीवर बसले.

तिने पहिली फाइल, इज्जाचीच आणखी एक, वीस हजाराने लावली, तर आवाज बारीक आणि भरभर आला. म्हाताऱ्याने मान हलवली. “ही इज्जा नाही, ही तिची नात झाली.” सोळा हजाराने लावली. “हां. आता आली. बघ, दमलीय. त्या दिवशी तिची शेळी व्यायली होती.” दुसऱ्या फाइलला त्यांनी गाव ओळखलं, तिसरीला बोलणाऱ्याचे पडके दात. पाच फायली झाल्या. मग त्यांनी सहज विचारलं की हे सगळं पुन्हा का चाललंय, केव्हाच झालं होतं ना?

सोमवारचं खोटं केल्तूमने तीन दिवस सांभाळलं होतं. तिने हातातला हेडफोन खाली ठेवला.

“तुमच्या रेकॉर्डरचं काही बिघडलं नव्हतं, उस्ताद. माझ्या चाळणीने तुमचे चाळीस शब्द शांतता समजून कापले. आणि पंधरा वर्षं सगळ्यांचेच कापत आली. इज्जाचेही.”

सी बिहींनी पाव तोडला. तुकडा अम्लूत बुडवला, पण तोंडात घातला नाही. केल्तूमला वाटलं, आता ते उठतील. ज्या माणसाने खेचरावर यंत्र लादून डोंगर तुडवले, एकेका बाईच्या चुलीपाशी दोन दोन दिवस बसून तिचा संकोच घालवला, त्याची कमाई आपण डिस्कवरच्या चार बोटं जागेसाठी उधळली. यापेक्षा त्यांनी ओरडावं, असं तिला मनापासून वाटलं. पण त्यांना ओरडता येत नव्हतं.

“किती राहिल्यात?” त्यांनी विचारलं.

“यातल्या नऊ. बाकीच्या अजून एकशे तीस.”

“मग पुढची लाव.”

त्यानंतर ते नुसते आकडे सांगत राहिले. सहाला पहारेकऱ्याने दोघांना बाहेर काढलं तेव्हा चौदाच्या चौदा फायलींना आपापला आकडा मिळाला होता. केल्तूम घरी गेली, जेवली आणि सोमवारनंतर पहिल्यांदाच गाढ झोपली.

गुरुवारी साडेअकराला शेवटची फाइल बाहेर आली. तिने मोजल्या. चारशे अकरा. प्रत्येकीची लांबी मुळाशी ताडून पाहिली, एका नमुन्याचाही फरक नव्हता. भंगारवाल्याची गाडी वेळेआधीच येऊन अंगणात उभी होती आणि दोन हमाल तळघराच्या पायऱ्यांवर बसून चहा पीत होते. केल्तूमने स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं, आपला पंखा काढून घेतला आणि त्यांना म्हणाली, “न्या आता.”

वरच्या खोलीत अनीर वाट पाहत होता. सी बिहीही आले होते, खिडकीपाशी उभे होते. नवी प्रत तयार होती. जमा करायच्या अर्जावर अनीरच्या सहीचा तेवढा अवकाश होता. त्याने एक फाइल उघडून पाटी वाचायला घेतली. बोलणारी इज्जा, गाव अनामेर, आणि सगळ्यांत खाली एक नवी ओळ. ‘आधी दिलेल्या प्रतीतून गळा न लागणारे शब्द कापले गेले होते. ती प्रत वापरू नये. चूक केल्तूम ऐत ऊशन हिची.’

“आपलं काय ठरलं होतं?” अनीर म्हणाला.

“ठरवलं तुम्ही होतं, डॉक्टर. मी किल्ली घेऊन गेले.”

“चारशे अकरा ठिकाणी लिहिणार हे?”

“लिहितं यंत्र. मला एकदाच लिहावं लागलं.”

अनीरने दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्याचं म्हणणं असं, की ‘तांत्रिक सुधारणा’ या दोन शब्दांत सगळं येतं. नाव घातल्याने इज्जाचं भलं होत नाही, केल्तूमचं मात्र वाटोळं होतं. तो हे कळवळ्याने सांगत होता, ते केल्तूमलाही दिसत होतं.

“माझी जुनी प्रत सहा देशांत गेलीय,” ती म्हणाली. “पोरांनी तिच्यावर प्रबंध लिहिलेत. ‘सुधारणा’ वाचून कुणी जुनी फेकत नाही, वाटतं जुनीही बरीच असेल. चुकलं असं वाचलं तरच फेकतील. आणि चुकलं म्हटलं की पुढचा प्रश्न कोण चुकलं हाच येतो. विचारायला त्यांना पत्ता तर हवा.”

“करारावर सही मी करायचीय, लल्ला केल्तूम.”

“नका करू. ही ओळ काढणार नाही.”

खाली हमाल यंत्र पायऱ्यांवरून चढवत होते, त्यांची हुश्शहुश्श ऐकू येत होती.

सी बिही खिडकीपासून हलले. केल्तूमच्या खुर्चीमागे येऊन त्यांनी तिला हाताने बाजूला केलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पाटी वाचली. मग पाटीत किती जागा उरलीय असं विचारलं. केल्तूमने पाहिलं, एकसष्ट अक्षरं. म्हाताऱ्याने ओठ हलवत बोटांवर काहीतरी मोजलं आणि एका बोटाने, एकेक कळ शोधत, टंकायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. अनीर वाकून पाहत होता.

‘तपासून सही केली ती मी. ऐकलं नव्हतं. बिही.’

“उस्ताद, तुम्ही हे का...” केल्तूमने विचारलं.

“पंधरा वर्षं त्यांची चाळलेली प्रत माझ्याच घरात होती,” सी बिही कुजबुजले. “रोज वाटायचं, उद्या ऐकू. माझीच माणसं, माझ्या ओळखीची, कुठे पळून जातायत.”

ते बाजूला झाले. अनीरने पाटी पुन्हा वरपासून वाचली. या खुर्चीवर येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, आणि या चारशे अकरांपैकी त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेली फाइल एकच होती, तीही सोमवारी.

“जागा उरलीय का अजून?” त्याने विचारलं.

केल्तूमने उरलेली अक्षरं मोजली. नाव लिहिण्याइतकीही नव्हती. तसं तिने सांगितलं.

अनीरने खिशातून पेन काढलं आणि अर्जावर सही केली. मग टेबलाचा खण उघडून केल्तूमचा करार काढला, आणि महिना संपायला तेरा दिवस बाकी असताना त्याच्यावरही केली.